चॉपरला भेटायचंय? मग सुरुवात कुठून करायची ते आधी वाचा

माझी भाची नववीत आहे आणि तिच्या दप्तराला गुलाबी टोपीवाला एक छोटासा प्राणी लटकलेला असतो. हा कोण गं, असं विचारलं तर म्हणाली "चॉपर! मावशी, कसला क्यूट आहे ना?" मी म्हटलं हो आहेच, पण वन पीस बघितलंस का, तर नाही, फक्त रील्स बघितलेत. मग आम्ही दोघींनी मे महिन्याच्या सुट्टीत पहिल्यापासून बघायला घेतलं, आणि तेव्हा लक्षात आलं की नवीन माणूस कुठे अडकतो, कुठे कंटाळतो, काय आधी माहीत असायला हवं आणि काय अजिबात माहीत नसायला हवं. तेच इथे लिहितेय, ज्यांना चॉपर आवडतो पण अजून नीट भेटलेला नाही अशा सगळ्यांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगते, चॉपर हा कोणाचाही पाळीव प्राणी नाहीये. तो जहाजावरचा डॉक्टर आहे. हे डोक्यात ठेवून बघायला बसलात तर अर्धं काम तिथेच झालं.

आधी जेमतेम एवढं माहीत असू द्या

वन पीस म्हणजे एइचिरो ओदा यांचा मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, जुलै १९९७ मध्ये जपानच्या शोनेन जंप साप्ताहिकात सुरू झाला, त्यावरचा ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, ऑक्टोबर १९९९ ला सुरू झाला. लुफी नावाचा, रबरासारखं ताणलं जाणारं शरीर असलेला एक मुलगा समुद्री चाच्यांचा राजा व्हायला निघालाय आणि वाटेत एकेक सोबती जमवतोय, मूळ गोष्ट एवढीच. झोरो, नामी, उसोप, सांजी यांच्यानंतर जहाजावर येतो तो टोनी टोनी चॉपर.

चॉपर हा रेनडिअर आहे. जपानीत रेनडिअरला तोनाकाई म्हणतात, टोनी त्यावरूनच आलंय. चॉपर हे नाव त्याला ज्याने दिलं त्याला त्याची शिंगं बघून वाटलं की ही झाडंसुद्धा तोडतील, म्हणून चॉपर. त्याने एक डेव्हिल फ्रूट, म्हणजे अंगात अजब शक्ती आणणारं फळ खाल्लंय, हितो हितो नो मी, म्हणजे सरळ मराठीत माणूस-माणूस फळ. त्यामुळे तो बोलतो, दोन पायांवर चालतो, पुस्तकं वाचतो, ऑपरेशन करतो. आणि या गोष्टीतलं कुठलंही डेव्हिल फ्रूट खाल्लं की पोहता येत नाही, त्यामुळे तो पाण्यात पडला की कोणालातरी उडी मारावीच लागते.

त्याला बघून गोष्टीतले बरेच लोक तानुकी म्हणतात. तानुकी हा जपानमधला रॅकूनसारखा दिसणारा एक प्राणी. दर वेळी चॉपर चिडून सांगतो की मी रेनडिअर आहे, शिंगं दिसत नाहीत का. हा जोक शेकडो एपिसोड चालतो, तानुकी म्हणजे काय हे माहीत नसेल तर सगळाच डोक्यावरून जातो म्हणून आधीच सांगितलं.

यापेक्षा जास्त शोधू नका. खरंच नका शोधू. नुसतं त्याचं नाव टाईप केलं तरी पुढच्या पाचशे एपिसोडांतलं काहीतरी समोर येतं आणि मग मजा गेली ती गेलीच.

सुरुवात कुठून करायची

ॲनिमेत चॉपर पहिल्यांदा दिसतो ८१ व्या एपिसोडमध्ये. हा आकडा ऐकला की लोक दोनपैकी एक गोष्ट करतात, एकतर बघायचंच सोडून देतात किंवा थेट ७८ वर उडी मारतात जिथून त्याचा ड्रम आयलंड आर्क, म्हणजे त्या बेटावरचा कथाभाग सुरू होतो. दोन्ही करू नका. ड्रम आयलंडची गोष्ट नामी आजारी पडते तिथून सुरू होते, आणि नामी कोण आहे, ती या लोकांबरोबर कशी आली, लुफी तिच्यासाठी जीव का टाकतो हे तुम्हाला आतून माहीत नसेल तर तो बर्फातला डोंगर चढताना तुम्हाला नुसता एक रबरी मुलगा डोंगर चढताना दिसेल. तो डोंगर पाच हजार मीटर उंच आहे हो. आमच्या घरी त्या सीनला कोणी हललं नव्हतं.

म्हणून माझं मत, एकपासून सुरू करा. पहिले ६१ भाग हा ईस्ट ब्लू नावाच्या समुद्रातला प्रवास आहे. त्यातले ५४ ते ६० हे मांगात नसलेले भाग आहेत, ज्याला फिलर म्हणतात, ते सोडले तरी चालतं, ६१ मात्र बघा. एक भाग साधारण २४ मिनिटांचा, त्यात गाणं आणि मागच्या भागाची उजळणी पुढे ढकलली की वीस-एकवीस मिनिटं राहतात. रोज दोन-तीन बघितले तर महिन्याभरात तुम्ही ड्रमला पोचता, सुट्टी असेल तर त्याच्याही आधी.

वेळच नाही, परीक्षा आहे, नोकरी आहे, अशांसाठी आखूड रस्ता सांगते पण मला स्वतःला तो फारसा आवडत नाही. १ ते ४ बघा, म्हणजे लुफी आणि झोरो कळतील. मग ३१ ते ४४, हा आर्लाँग पार्क, नामीची पूर्ण गोष्ट, हा तर कुठल्याही परिस्थितीत सोडायचा नाही. मग ६२ ते ६७, यात राजकन्या विवी येते, ती महत्त्वाची आहे कारण तिचा देश पेटलेला असताना नामीसाठी थांबायचं की पुढे जायचं हा प्रश्न तिच्यासमोर येतो. आणि मग ७० ते ९१ सलग. एकूण ४६ भाग झाले. सांजी आणि उसोप कसे आले ते यात हुकतं, ते नंतर मागे जाऊन बघा.

मांगा वाचायचा असेल तर ड्रम आयलंड येतो प्रकरण १३० ते १५४ मध्ये, म्हणजे खंड १५, १६ आणि १७. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं, पानावरच्या चौकटीसुद्धा उजवीकडून. पहिली दहा पानं अवघड जातात नंतर सवय होते. विकत घ्यायचा तर तीनही एकत्रच घ्या, १६ वा संपल्यावर १७ वा हाताशी नसेल तर फार वाईट अवस्था होते, अनुभवाने सांगतेय.

जपानी की डब

मी जपानी आवाज आणि सबटायटल असंच सांगेन. चॉपरचा आवाज इकुए ओतानी यांचा आहे, पिकाचूचा आवाज पण त्यांचाच, आणि एकदा हे कळलं की कान टवकारून ऐकावंसं वाटतं की तीच बाई एका शब्दात पिकाचू कसा उभा करते आणि इथे रडणारं, घाबरणारं, ओरडणारं, पेशंटला दटावणारं पोर कसं उभं करते. सबटायटल वाचायला त्रास होत असेल, लहान मुलं बरोबर असतील, तर डब लावा, बघणं महत्त्वाचं. पण ८५ आणि ८६ हे दोन भाग तरी नंतर एकदा जपानीत ऐका.

ड्रम आयलंड नीट कसा बघायचा

७८ ते ९१, चौदा भाग. रोज दोन याप्रमाणे एक आठवडा. आम्ही तसंच केलं, फक्त ८५ आणि ८६ एकाच बैठकीत बघितले आणि तुम्हीही तसंच करा, मध्ये तोडू नका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

गोष्ट अशी, नामीला लिटल गार्डन बेटावर एक किडा चावलाय आणि तिला असा ताप भरलाय जो पाच दिवसांत जीव घेतो. जहाजावर डॉक्टर नाही. पुढचं बेट बर्फाचं. त्या देशाचा राजा वापोल, त्याने देशातले सगळे डॉक्टर हाकलून दिले आणि फक्त वीस चांगले डॉक्टर स्वतःच्या वाड्यात ठेवून घेतले, म्हणजे कोणाचं पोर आजारी पडलं तर राजासमोर हात जोडायचे, दुसरा उपाय नाही. ओदांनी राजाच्या हातात तलवार देण्याऐवजी औषधं दिली, मला हा माणूस इतर व्हिलनपेक्षा जास्त चीड आणतो तो यामुळेच. अशा देशात एक निळ्या नाकाचा रेनडिअर डॉक्टर होतो, हे लक्षात ठेवून बघा.

चॉपर जन्मला तोच निळं नाक घेऊन, म्हणून कळपाने त्याला वाळीत टाकलं, आईबापांनीसुद्धा. कळपाच्या मागे एकटा चालायचा. मग ते फळ खाल्लं आणि कळपाने त्याला पार मारून हाकललं. माणसांत जावं म्हटलं तर अंगाने धड माणूसही नाही, लोकांनी राक्षस समजून गोळ्या घातल्या. ना इकडचा ना तिकडचा. आणि मग त्याला भेटतो डॉक्टर हिरुलुक, जो खरं तर धड डॉक्टर नाहीये, त्याच्या औषधांनी लोक बरे होण्याऐवजी पळून जातात. पण हा माणूस गोळी लागलेल्या, घाबरून अंगावर येणाऱ्या त्या पिल्लासमोर बर्फात उभं राहून अंगावरचे सगळे कपडे काढतो, माझ्याकडे बंदूक नाही, मी तुला मारणार नाही हे दाखवायला. वरवर बघितलं तर हसायचा सीन आहे. भाची पण आधी हसली, आणि मग गप्प झाली.

पुढे काय होतं ते मी लिहिणार नाही. फक्त तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. कवटीची खूण, ती कुठे कुठे दिसते आणि चॉपर तिचा अर्थ काय लावतो. एक मशरूम. आणि चेरीच्या फुलांचा बहर, साकुरा, ज्याच्यासाठी हिरुलुक बर्फाच्या देशात तीस वर्षं खपतोय. ती गुलाबी टोपी कोणी दिली तेही इथेच कळतं, आणि त्यानंतर दप्तराला लटकलेली ती टोपी तुम्हाला नुसती गुलाबी टोपी वाटायची नाही.

हिरुलुकनंतर चॉपरला खरी डॉक्टरकी शिकवते कुरेहा, वय वर्षं १३९, आणि समोरच्याने विचारो न विचारो माझ्या तारुण्याचं गुपित हवंय का म्हणून विचारते. तिच्या हाताखाली तो सहा वर्षं शिकला. ती प्रेमाचा एक शब्द बोलत नाही, चाकू सुऱ्या फेकून मारते. ९१ वा भाग तिच्यासाठीसुद्धा बघा, ती शेवटी काय करते ते.

चॉपरच्या सवयी, आणि त्या कुठून आल्या

रील्समध्ये चॉपरचे जे तुकडे फिरतात ते बहुतेक याच सवयींचे असतात. त्या क्यूट आहेतच, मी नाही म्हणत नाही. पण ड्रम बघून झाल्यावर परत बघा.

तो लपतो तेव्हा उलटा लपतो, म्हणजे दाराआड अर्धा चेहरा आणि बाकी सगळं शरीर बाहेर. नामी शुद्धीवर येते तेव्हा तो पहिल्यांदा तसाच दिसतो. माणूस समोर आला की एकेकाळी गोळी यायची, म्हणून तो लपतो, पण माणूस बघायचा पण आहे त्याला. एवढं सगळं एका चुकीच्या लपण्यात ओदांनी बसवलंय.

कोणी कौतुक केलं की तो शिव्या देतो, मला असल्या बोलण्याने काही आनंद होत नाही म्हणतो, आणि तोंडभर हसत लाजून वेडावाकडा नाचतो. ज्याला आयुष्यात फार कमी लोकांनी चांगलं म्हटलं त्याला चांगलं म्हटल्यावर काय करायचं हे माहीत नसतं, हा नाच म्हणजे ते आहे. माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती, तिला शाबास म्हटलं की ती चिडायची, त्यामुळे मला हा नाच फार जवळचा वाटतो.

कोणी जखमी झालं की तो स्वतःच घाबरून ओरडत सुटतो, डॉक्टरला बोलवा, डॉक्टरला बोलवा, आणि मग कोणीतरी आठवण करून देतं की अरे तूच डॉक्टर. मग मात्र तो पाटी पुसल्यासारखा बदलतो, हात थरथरत नाहीत, आणि पेशंट बरा न होता उठला तर लुफीला पण ओरडतो.

त्याची रूपं, गोंधळ होऊ नये म्हणून

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की हा मोठा केसाळ माणूस वेगळा आणि छोटा चॉपर वेगळा. एकच आहे. तीन रूपं त्याला फळामुळेच मिळाली आहेत. छोटं गोल, जे आपण सगळीकडे बघतो ते ब्रेन पॉइंट. चार पायांचा साधा रेनडिअर ते वॉक पॉइंट, कोणाला पाठीवर घेऊन पळायचं असेल तेव्हा. आणि उंच धिप्पाड ते हेवी पॉइंट. याच्यावर त्याने स्वतः शोधलेली गोळी आहे, रंबल बॉल, ती खाल्ली की तीन मिनिटं अजून चार रूपं मिळतात, उडी मारणारं, हात मजबूत असणारं, केसांचा गोळा होऊन मार झेलणारं, आणि मोठ्या शिंगांचं. म्हणजे सगळी मिळून सात. सहा तासांत दुसरी गोळी खाल्ली तर रूपांवर ताबा राहत नाही. तिसरी खाल्ली तर काय होतं ते पुढे एनीज लॉबी नावाच्या आर्कमध्ये बघा. ज्याला लहानपणी सगळे राक्षस म्हणायचे त्याची गोष्ट आहे, एवढं आठवा म्हणजे तो सीन कळेल.

सिनेमा आणि लाइव्ह ॲक्शन, कधी बघायचे

ड्रम आयलंडवर २००८ साली एक पूर्ण सिनेमा आला, वन पीसचा नववा. शॉर्टकट म्हणून तो आधी बघू नका. त्यात तीच गोष्ट परत सांगितलीय पण जहाजावर रॉबिन आणि फ्रँकी हे नंतरचे सोबती पण आहेत, जे मूळ गोष्टीत तेव्हा आलेलेच नव्हते, त्यामुळे नवीन माणसाचा सगळा क्रम बिघडतो आणि नंतर ते दोघं कसे आले याची उत्सुकता पण जाते. ॲनिमे बरंच पुढे गेल्यावर, निदान ३३० च्या पुढे, हौसेने बघा.

नेटफ्लिक्सची लाइव्ह ॲक्शन, म्हणजे खऱ्या नटांची मालिका, २०२३ ला आली. पहिल्या सीझनमध्ये चॉपर नाहीच, आर्लाँगपर्यंतच गोष्ट जाते. तो दुसऱ्या सीझनमध्ये आहे. घरात ॲनिमे म्हणजे कार्टून म्हणून नाक मुरडणारे कोणी मोठे असतील तर त्यांच्यासाठी हा दरवाजा बरा आहे, माझ्या दादाने पहिला सीझन बघून मगच ॲनिमेकडे बघितलं.

ड्रमनंतर चॉपर कुठे भेटतो

सगळीकडेच भेटतो, पण जिथे त्याच्यासाठी थांबावं अशा जागा सांगते. ९२ पासून अलाबास्टा, तिथे तो उसोपबरोबर मोठ्या लढाईत उतरतो, दोघंही भित्रे आणि दोघंही पळत नाहीत. स्कायपियामध्ये जहाज एकट्याने राखतो. एनीज लॉबी, २६४ ते ३१२, वर म्हटलं तेच. त्यानंतर सगळ्यांना पकडून देण्यासाठी बक्षिसं लागतात, लुफीवर ३० कोटी बेरी (हे तिथलं चलन) आणि चॉपरवर किती, तर ५० बेरी. पन्नास. कारण सरकारला वाटतं हा जहाजावरचा पाळीव प्राणी आहे, आणि पोस्टरवर नाव काय तर बुढ्ढी के बाल आवडणारा चॉपर. चॉपर त्यावर किती चिडतो ते बघाच. रील्सवाल्या लोकांची आणि त्या सरकारची चूक एकच आहे असं मी भाचीला म्हटलं, तिला ते पटलं.

थ्रिलर बार्कमध्ये त्याला एक असा नावाजलेला सर्जन भेटतो ज्याला तो देव मानत असतो, आणि तो माणूस मेलेल्यांचं काय करतो हे कळल्यावर चॉपर डॉक्टर म्हणून जे बोलतो ते ऐका. पुढे पंक हॅझर्डमध्ये आजारी मुलं आहेत, आणि वानोमध्ये लढाई चालू असताना एक साथ पसरते आणि त्याला भर गर्दीत औषध तयार करावं लागतं. ॲनिमेचा हा भाग आला तेव्हा आपण सगळे नुकतेच कोविडमधून बाहेर येत होतो, त्यामुळे मी तो दोनदा बघितला.

लहान मुलांबरोबर बघणार असाल तर

मारामारी आहे, रक्त आहे, दारू पिणं आहे. आठ-नऊ वर्षांच्या खालच्या मुलांना एकटं बसवू नका. ड्रमच्या फ्लॅशबॅकला मुलं रडतात, मोठ्या मोठ्याने रडतात, तेव्हा टीव्ही बंद करू नका, जवळ बसा आणि पुढचा भाग लगेच लावा. अर्ध्यात बंद केलं तर फक्त दुःख लक्षात राहतं आणि गुलाबी बर्फ बघायचा राहतो.

चॉपरचा वाढदिवस २४ डिसेंबर, रेनडिअर म्हटल्यावर दुसरा कुठला असणार. आम्ही यंदा त्या दिवशी ९१ वा भाग परत बघणार आहोत.

कधी जपानला जाणं झालं तर

ओदा मूळचे क्युशू बेटावरच्या कुमामोतोचे. २०१६ साली तिथे मोठा भूकंप झाला, त्यानंतर लोकांना उभारी यावी म्हणून कुमामोतो भागात लुफी आणि त्याच्या सोबत्यांचे दहा पुतळे वेगवेगळ्या गावांत बसवले, लुफीचा पहिला, २०१८ मध्ये. चॉपरचा पुतळा २०२० मध्ये कुमामोतो शहराच्या प्राणिसंग्रहालयात बसवला, ज्याचं भूकंपात नुकसान झालं होतं. शहराची ट्राम त्या बाजूला जाते, उतरून थोडं चालायचं. जपानमध्ये नोकरीला असलेले आपले मराठी लोक बरेच आहेत, सुट्टीत तोक्यो-क्योतो सगळेच करतात, क्युशूला गेलात तर एवढं करा. आतलं तिकीट काढावं लागतं कारण पुतळा संग्रहालयाच्या आवारात आहे, त्यामुळे बंद असण्याचा वार आधी बघून जा. आणि गुलाबी टोपी बरोबर न्या, फोटोला लागते.